मोशीच्या पेवाची नोंद

चाकण,
ता. ११ मार्च १९५९

तीर्थस्वरूप वहिनींस,

सयाजीचा नमस्कार. माझा खोकला गेला. खानावळीतल्या भाकरीबद्दल काही लिहीत नाही, नाहीतर तुम्ही कुणाबरोबर तरी जिंतुराहून पीठ पाठवाल.

इथलं नवं काम मजेचं आहे. जो कोणी मोबदला घेऊन दुसऱ्याचं धान्य साठवतो, त्यानं गोदामाची नोंद करून सरकारी परवाना घ्यायचा. मी गावोगाव जाऊन जागा पाहतो, फॉर्म भरतो. भिंती कशाच्या, छप्पर कसलं, दारं किती, उंदरांचा बंदोबस्त काय. लोक गोदाम म्हणून काय काय दाखवतात! एकानं तर देवळाची ओवरीच दाखवली.

गेल्या आठवड्यात मोशीला गेलो. तिथे गोजाबाई म्हणून साठीच्या बाई आहेत. आसपासच्या वाड्यांची ज्वारी त्या ठेवून घेतात. मी विचारलं, "गोदाम कुठं आहे?"

"तुमी त्याच्याच डोक्यावर हुबं हाय."

पायाखाली पेव होतं. आपल्याकडच्यासारखंच, जमिनीत खणलेलं, तोंड अरुंद आणि पोट मोठं. या भागात पेव असेल असं मला वाटलंही नव्हतं.

मी फॉर्म काढला. भिंती? "मुरमाच्या." छप्पर? "ह्यो माळ." दारं? "येक. वरनं." उंदीर? "त्यास्नी शिडी कोन देनार?" मला हसू आवरेना. मग खोली विचारली. त्या म्हणाल्या, "कुनी मोजलीया? तुमीच उतरा."

मी टेप घेऊन पुढे झालो, तसा त्यांनी माझा दंड धरला. दिवा पेटवून दोराला बांधला आणि सावकाश आत सोडला. आठेक हात खाली गेल्यावर ज्योत बारीक झाली आणि विझली.

"आज न्हाई. आत हवा इखारी झालीया. त्वांड उघडं ठिवते. उद्या या."

मी तिथेच खाली बसलो. त्यांनी पाणी दिलं आणि विचारलं, "तुमच्यात कुनी गेलंय व्हय पेवात?"

"थोरला भाऊ."

"दिवा सोडला न्हवता?"

मी फॉर्म पिशवीत घातला आणि उठलो.

दुसऱ्या दिवशी दिवा जळत राहिला. मी उतरलो. चौदा हात भरलं. तळाशी थोडी ज्वारी होती, हाताला उबदार लागली. भिंतींना कडब्याचा थर होता. चार वर्षांचं धान्य असूनही एक दाणा किडलेला नव्हता. किती वेळ मी दाणे चोळून पाहत होतो! वरून गोजाबाई ओरडल्या, "साहेब, बोलत ऱ्हावा!"

कचेरीत नानासाहेब, आमचे वरिष्ठ, ऐकेनात. "खड्ड्याला गोदाम कसं म्हणायचं?" नोंद झाली नसती तर बाईंना पेव बंद करावं लागलं असतं. तीन दिवस वाद घातला, ज्वारीची ओंजळ त्यांच्या टेबलावर ठेवली. शेवटी 'जमिनीखालील गोदाम' असं लिहून घेतलं. खाली मी एक अट घातली: उतरण्यापूर्वी दिवा सोडून पाहणे.

"ही नियमात कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"नाही. पण राहू द्या."

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि सही केली.

वहिनी, गोजाबाईंना जे उत्तर दिलं नाही, ते तुम्हाला देतो. त्या दिवशी मी विहिरीवर होतो आणि दादा एकटाच उतरला, असं मी सगळ्यांना सांगितलं. ते खोटं आहे. मी त्याच्याजवळ होतो. तो झाडाला दोर बांधत होता. म्हणाला, "सयाजी, दिवा सोडून बघ." मला कुस्त्यांना जायची घाई होती. मी म्हणालो, "बघितला. चांगला जळतोय."

दिवा मी हातातसुद्धा घेतला नव्हता. त्यानं दुसऱ्यांदा विचारलं नाही.

तुम्ही जे म्हणाल ते ऐकून घेईन.

सयाजी


जिंतूर,
ता. २४ मार्च १९५९

सयाजीभावजी,

पत्र पोचलं. उत्तर मास्तरांकडून लिहून घेण्याजोगं नव्हतं, म्हणून मीच लिहिते. अक्षर लावून वाचा.

मला राग आलाय. तो जाईल की नाही, ठाऊक नाही. तुमचं मन राखायला खोटं लिहिणार नाही.

दहा वर्षं गाव म्हणतं, यांनी उतावीळपणा केला. मीही तेच म्हणत आले. त्या सकाळी मी बजावलं होतं, दिव्याबिगर उतरू नका. ते नुसते हसले. मला वाटलं, कानाआड केलं. दर वर्षी श्राद्धाचं पान वाढताना मी मनात त्यांच्याशी भांडते. म्हणते, बायकोचं एवढं ऐकलं असतं तर काय बिघडलं असतं.

त्यांनी ऐकलं होतं. हे मला तुमच्या पत्रातून कळलं. भावजी, हे माझं होतं. तुम्ही दहा वर्षं ते तुमच्यापाशी ठेवून घेतलंत.

पाडव्याला या. ते कसे उभे होते, कोणत्या आवाजात म्हणाले, सगळं समोर बसून सांगा. एकदा सांगून माझं भागणार नाही.

गोड शब्द लिहवत नाहीत. पण या.

यशोदा