एकमताने

वुल्फ हार्बर, मिशिगन
१९ मार्च १९७८, रविवार

चि. तौनो,

तुझं कार्ड पोचलं. नव्या घराचा फोटो बाबांच्या खोलीत खिडकीशी लावून ठेवलाय. रूथ आणि मुली मजेत असतील. इथं बर्फ अजून खिडकीच्या चौकटीला टेकून आहे आणि सरोवर गोठलेलंच आहे. बाबा ठीक आहेत. जेवण जातं.

तू फोन केलास तेव्हा तो शेजारच्या ट्रेगियरबाईंनी का उचलला, असं विचारलंयस. घाबरू नकोस. मला ज्युरीवर बोलावलं होतं, म्हणून त्या दिवसभर इथं येऊन बसत होत्या.

खरं तर मला सुटता आलं असतं. घरात म्हातारं माणूस आहे, एवढं सांगितलं की सोडतात. मी वाक्य मनात जुळवूनही गेले होते. पण माझ्या आधीच्या माणसानं गाई व्यायला आल्यात म्हणून सुट्टी मागितली, त्याच्या आधीच्या बाईची कंबर दुखत होती, आणि न्यायाधीश चष्मा काढून म्हणाले, "उद्या त्या आरोपीच्या खुर्चीत तुम्ही बसलात, तर तुमचा निवाडा करायला कोण यावं असं वाटेल? ज्यांना दुसरं काही काम नाही ते?" त्यानंतर माझी पाळी आली आणि मी नुसतं नाव सांगितलं. आणि तुला म्हणून सांगते, मला जायचं होतं. निळा कोट घालून घराबाहेर पडायचं, कुणीतरी "मिस हारला" म्हणून हाक मारायची. बरं वाटलं.

खटला सायमा कोर्पीचा होता. तू तिला ओळखत नसशील, ती माणसं पार पाइन क्रीकच्या रस्त्याला राहतात. बाई माझ्याच वयाची, लग्न केलेलं नाही. आई अंथरुणाला खिळलेली. गेल्या वर्षी ऐन हिवाळ्यात आई गेली आणि दफनाची तयारी करणाऱ्यानं तिच्या पाठीवरच्या, कमरेवरच्या जखमा बघून शेरीफला कळवलं. पडून पडून होतात तसल्या जखमा. त्यांचंच विष रक्तात गेलं, असं निघालं. सायमानं डॉक्टर बोलावला नव्हता. हयगय करून आईला मरू दिलं, असा आरोप.

फोटो आमच्या हातांतून फिरवले. माझ्या शेजारी शाळेतली एक तरुण मास्तरीण होती, मिस डुबोय. तिनं फोटो पालथा घालून पुढं दिला. मी नीट बघितले. कुणीतरी बघायला नको का?

सायमाचा भाऊ डेट्रॉइटहून आला होता. चांगला कोट, चांगले बूट. म्हणाला, "मला कुणी कळवलंच नाही. ही लिहायची, आई बरी आहे म्हणून." वकिलानं विचारलं, "शेवटचे घरी कधी आला होता?" तर म्हणाला, आठवावं लागेल. लोकांना त्याचा राग आला. मला मात्र सायमाचाच आला. असं कशाला लिहायचं माणसानं?

सायमाच्या बाजूनं आपले डॉक्टर लिंडग्रेन उभे राहिले. "या वयात कातडी भिजल्या कागदासारखी होते," ते म्हणाले. "कितीही जपा, एखादे वेळी फाटतेच." सरकारी बाजूचा डॉक्टर बाहेरून आणलेला, तरुण. त्याचं म्हणणं, वेळच्या वेळी कूस बदलली असती तर हे झालंच नसतं. सायमा स्वतः साक्षीला उभी राहिली नाही. वकिलानं राहू दिलं नसणार. ती सगळा वेळ आपल्या हातांकडे बघत बसायची. मोठे हात आहेत तिचे, लाल.

मग आम्हा बाराजणांना खोलीत बसवलं. आमचे प्रमुख पास्को म्हणून, लाकडाच्या वखारीतले. पहिल्यांदा हात वर करायला सांगितले तेव्हा बहुतेकांना तिला सोडायचं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे दोषी म्हणाले. मधे बरंच बोलणं झालं. मीही माझं मत सांगितलं. ते सगळं इथं लिहीत बसत नाही.

निकाल वाचल्यावर न्यायाधीश एकेकाला नावानं विचारतात, हाच तुमचा निर्णय का. मी हो म्हणाले. जरा मोठ्यानंच म्हणाले बहुतेक, कारण सायमानं मान वर करून माझ्याकडे बघितलं. एवढ्या दिवसांत तेवढंच.

कर्तव्य होतं, केलं. शिक्षा पुढच्या महिन्यात सुनावतील.

मुलींना पापे. ईस्टरला यायची धडपड करू नकोस, रस्ते फार वाईट आहेत.

तुझी ताई,
लेम्पी


वुल्फ हार्बर
७ मे १९७८, रविवार

तौनो,

हवापाण्याचं नंतर लिहीन. आधी हे वाच, आणि शक्य असेल तर एकटा बसून वाच.

बाबा ठीक नाहीत. गेल्या वर्षीच्या आधीच्या शरद ऋतूत, बटाटे काढून झाले आणि त्यांना अर्धांगाचा झटका आला. तेव्हापासून ते पडून आहेत. बोलत नाहीत. "बाबा तुझी आठवण काढतात," असं मी दोन्ही नाताळांना लिहिलं ते मनचं लिहिलं. बाबांच्या तोंडून तेव्हापासून एक शब्द आलेला नाही, तुझं नाव नाही आणि माझंही नाही.

का नाही कळवलं, असं तू विचारशील. पहिल्यांदा वाटलं, सुधारतील, मग लिहू. नंतर नंतर मला त्यात एक प्रकारची ऐट वाटायला लागली. तौनोला कळायच्या आधी मी सगळं सांभाळलं, असं कधीतरी दिसावं. म्हणजे सायमाला मी ज्यासाठी मनात शिव्या घातल्या, तेच. पण माझा खरा सल तो नाही. तो आता सांगते.

त्या खोलीत मी काय बोलले ते मागच्या पत्रात गाळलं होतं. मिस डुबोय म्हणत होती, "ती एकटी होती हो. रात्र नाही, दिवस नाही. आपल्यातल्या कुणाला जमलं असतं?" आणि सगळे माना हलवत होते. लिंडग्रेनांचं म्हणणं सगळ्यांना पटलं होतं. मग मी बोलले. मी म्हणाले, "मला जमलंय. माझे वडील असेच पडून आहेत. मी एकटीच आहे. मी त्यांची कूस बदलते, अंग पुसते, खाली कोकराचं कातडं घालते. त्यांच्या अंगावर साधा ओरखडा नाही. डॉक्टर काहीही म्हणोत, ज्याला करायचं असतं त्याला करता येतं."

पास्को म्हणाले, "मग बाईंना आपल्यापेक्षा जास्त माहीत आहे."

मिस डुबोयनं विचारलं, "एकदाही नाही झाली जखम?"

"एकदाही नाही," मी म्हणाले.

खोटं नव्हतं ते. पण ते सांगताना मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. इतकी माणसं, आणि सगळी माझ्याकडे बघतायत. या घरात मी काय करते ते आजवर कुणी विचारलं नव्हतं. सायमाला सोडलं असतं, तर त्याचा अर्थ असा झाला असता की करा न करा, सारखंच. मग माझं सगळं गेलं कुठं? हे मला तिथं कळलं नाही. मला वाटलं, मी न्यायाबद्दल बोलतेय. एकेक करून सगळे माझ्या बाजूला आले. मिस डुबोय सगळ्यांत शेवटी. रडली, आणि मग तिनं हात वर केला.

ईस्टर झाला आणि बाबांच्या डाव्या कमरेशी एक लाल चट्टा दिसला. मी काहीही कमी केलेलं नव्हतं, तौनो. उलट जास्तच केलं. त्या बाजूवर झोपवणं बंद केलं, तेल लावलं, उठून उठून बघितलं. तरी चट्टा काळा पडला आणि एका सकाळी कातडी उघडली. ती जखम मी ओळखली. फोटोत बघितली होती, नीट, मिस डुबोयनं पालथ्या घातलेल्या त्याच फोटोत.

डॉक्टर लिंडग्रेन आले. त्यांनी जखम धुतली, बांधली, स्वैपाकघरात हात धुवून कॉफी मागितली. मी कोर्टाचं काहीतरी बोलतील म्हणून वाट बघत होते. त्यांना माहीत होतं ना, मी ज्युरीत होते ते. आत मी काय बोलले तेवढं माहीत नव्हतं. ते म्हणाले, "लेम्पी, तुझं काही चुकलेलं नाही. तू करतेस तसं मी कुणाला करताना बघितलेलं नाही. तरी होतं हे."

त्यांनी मला चार शब्द सुनावले असते तर सोसलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी सायमाच्या वकिलाकडे गेले. तरुण माणूस आहे, सर्दीनं बेजार होता. सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आत तुम्ही खोटं सांगितलंत?"

"नाही. तेव्हा ते खरं होतं."

"कुणी दबाव आणला? पैसे दिले? बाहेरून काही कानावर घातलं?"

"नाही."

"मग मी काय करू, बाई? ज्युरीतल्या माणसाचं मन नंतर पालटलं, म्हणून निकाल पालटत नाही. तसं असतं तर एकही निकाल टिकला नसता." मग नाक पुसत म्हणाला, "तुम्ही आलात, एवढं मी तिला सांगतो." मी नको म्हणाले. मग म्हणाले, सांगा.

शिक्षेच्या दिवशी मी मागच्या बाकावर जाऊन बसले. बोलू देतील अशी वेडी आशा होती. शिपायाला विचारलं, तर तो म्हणाला, "तुमचं काम संपलं आता, मिस हारला. घरी गेलात तरी चालेल." न्यायाधीशांनी सायमाला विचारलं, काही सांगायचंय का. ती उभी राहिली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी तिचा आवाज ऐकला, घोगरा, घरात कुणाशी न बोलणाऱ्या माणसाचा असतो तसा.

ती म्हणाली, "कूस बदलताना आई ओरडायची. फार ओरडायची. मला म्हणायची, तू मला मारतेस. डॉक्टरला बोलावते म्हटलं की हातपाय झाडायची, मला घरातून नेतील म्हणायची. म्हणून काही काही वेळा मी तिला तशीच राहू दिली." एवढं बोलून खाली बसली.

तिला पाच वर्षांची शिक्षा झाली. न्यायाधीश म्हणाले, तिच्याच गावच्या बारा माणसांनी एकमतानं ठरवलंय, त्याचा मान ठेवला पाहिजे.

मी घरी कशी आले ते आठवत नाही. ट्रेगियरबाईंना निरोप दिला, कोट न काढताच बाबांच्या खोलीत गेले आणि त्यांना उजव्या कुशीवर वळवलं. वळवताना त्यांच्या तोंडाकडे बघितलं. आजवर बघत नव्हते, हातांकडे बघायचे, चादरीकडे बघायचे. तोंड उघडं होतं, डोळे गच्च मिटलेले, मानेच्या शिरा ताठ. तौनो, माझे बाबा ओरडत नाहीत. त्यांना आवाजच नाही. म्हणून मला जमलं. ते ओरडले असते, "लेम्पी, तू मला मारतेस" म्हणाले असते, तर मी कितीदा वळवलं असतं? कितीदा तशीच चादर ओढून बाहेर आले असते? मला खरंच सांगता येत नाही. आणि जिला सांगता येत नाही, ती त्या खोलीत सगळ्यांत ठामपणे बोलली.

सायमानं चूक केली नाही, असं मी म्हणत नाही. डॉक्टर बोलवायला हवा होता. पण पहिल्यांदा हात वर केले तेव्हा त्या खोलीत जी दया होती, ती मी घालवली. पास्को वखारीत दिसतात, टोपी काढतात. त्यांना झोप लागते की नाही मी विचारलेलं नाही. मिस डुबोय रस्ता ओलांडून पलीकडे जाते.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते. वकिलानं माझं सायमाला सांगितलं. तिचा निरोप आला की मी आले तर ती भेटेल. का ते म्हणाली नाही. बायकांचा तुरुंग पार खाली, डेट्रॉइटच्या बाजूला आहे. बसनं जायला एक दिवस, यायला एक दिवस, वर राहणं. ट्रेगियरबाईंच्यानं बाबांचं एवढं होणार नाही. मागच्याच खेपेला त्यांची पाठ धरली होती.

तर तू ये. शाळा सुटल्या की मुलींनाही आण हवं तर, पण मी नसेन तेव्हा बाबांपाशी तू बैस. जखम बऱ्यापैकी भरत आलीय, पट्टी बदलायला लिंडग्रेन येतील. कूस मात्र तुला बदलायची आहे. घाबरायचं नाही. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, आणि हात लावायच्या आधी त्यांना सांगायचं, "बाबा, वळवतोय हं." त्यांना ऐकू येतं. वळवताना तोंडाकडे बघ. बघवत नाही, तरी बघ. मधेच थांबावंसं वाटेल, तेव्हा थांब, दम घे आणि पुन्हा धर.

ते तुझ्याकडे बघत राहतील. ओळखलं की नाही, ते मलाही कळत नाही. कधी कधी डाव्या हाताची बोटं हलतात. त्याचा अर्थ तुझा तू लाव.

सायमासमोर बसून मी काय बोलणार, मला माहीत नाही. क्षमा मागणं सोपं आहे, पण तिनं ती घेऊन पाच वर्षं करायचं काय? कदाचित मी काही बोलणारच नाही. ती बोलेल ते ऐकेन. तिचं कुणी ऐकलंच नाही, आम्हीसुद्धा नाही, आणि आम्हाला तर त्याचसाठी बसवलं होतं.

बर्फ वितळलंय, रस्ता मोकळा आहे. वरच्या खोलीत तुझा पलंग घालून ठेवते.

तुला आजवर एकदाही "ये" न म्हटलेली तुझी ताई,
लेम्पी