साहेबांच्या दातांची तपासणी

ती. दादांना,

तुमच्या बहिणीचे दादा म्हणून माझेही दादा, तेव्हा मनापासून नमस्कार (कोपरापासूनचा नमस्कार तुमच्या वडिलांसाठी राखून ठेवला आहे). गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला थांबला का? तुमच्या उजव्या अक्कलदाढेबद्दल मी विचारणार नाही, कारण गेली चार वर्षं मी विचारतो आणि तुम्ही हवापाण्याच्या गप्पा सुरू करता. इकडे आम्ही सगळे ठीक. सगळे म्हणजे मी, तुमची बहीण, नाना आणि साहेब. मासे मात्र ठीक नाहीत, आणि हे पत्र त्यांच्यापायीच लिहितो आहे.

सासूबाई गेल्यापासून नाना सहा महिने तुमच्याकडे, सहा महिने आमच्याकडे, हे आपलं ठरलेलं आहे. त्यात तक्रार नाही. पण यंदा तुमच्या अंगणातला हौद गळायला लागला आणि पाहुणे एकाचे दोन झाले. नाना दारात उभे राहिले तेव्हा एका हातात पिशवी होती आणि दुसऱ्या हातात बादली, बादलीत त्यांचं एकोणीस वर्षांचं कासव. त्याला नाना ‘साहेब’ का म्हणतात हे मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळलं. छत्तीस वर्षं कारकुनी केली त्या कचेरीतले साहेबही म्हणे असेच होते, सहीची वेळ आली की मान आत. आता आमचं घर दवाखान्याच्या वर, ना अंगण ना हौद, म्हणून साहेबांची सोय बाथरूममधल्या टबात केली. आठ दिवस मी त्यांच्यादेखत आंघोळ केली (तुम्हाला माहीत आहे, मी संकोची माणूस, डोळे मिटले तर साबण सापडेना, उघडले तर साहेब एकटक बघताहेत). नवव्या दिवशी टॉवेल गुंडाळून बाहेर आलो आणि जाहीर केलं की त्या खोलीत एक तर ते राहतील नाहीतर मी. यावर घरात जी शांतता पसरली त्यावरून माझं पारडं फारसं जड नसल्याचं माझ्या लक्षात आलं.

तेव्हा नानांनी तोडगा सुचवला. खाली पेशंट बसतात त्या खोलीत तुमच्या बहिणीचा चार फुटी फिश टँक आहे, त्यात साहेबांना सोडावं. दादा, त्या टँकवर तिचा किती जीव आहे हे मी सांगायला नको. चौदा सोनेरी मासे, प्रत्येकाची खोड तिला पाठ. आतून ड्रिलचा आवाज आला की पेशंटने माशांकडे बघावं आणि पळून जायचा विचार सोडावा, ही तिची योजना, आणि ती चांगली चालली होती. ती म्हणाली, कासव मासे खाईल. नाना म्हणाले, एकोणीस वर्षांत त्याने काकडीशिवाय कशाकडे बघितलेलं नाही (हौदात दुसरं होतं काय, हा प्रश्न मला तेव्हा सुचला नाही, तुम्हालाही सुचला नसता). बापलेक दोघंही एका हाडाची. शेवटी दोघांनी एकदम माझ्याकडे बघितलं. दाताचा प्रश्न आहे, डॉक्टरांनी सांगावं.

आणि इथे मी माती खाल्ली. सव्वीस वर्षं लोकांच्या तोंडात बघतो आहे, पण मत विचारायला घरातलं कुणी आलेलं हे पहिल्यांदाच. मी हातमोजे चढवले. साहेबांना खुर्चीवर घेतलं, वरचा दिवा लावला आणि काकडीची फोड दाखवून तोंड उघडायला लावलं. छोट्या आरशाने वर बघितलं, खाली बघितलं, मागे बघितलं. दादा, एक दात नाही! सुळा नाही, दाढ नाही, हिरडीतून काही येऊ घातलं आहे असंही नाही. मी दवाखान्याच्या छापील कागदावर लिहून दिलं: ‘रुग्णाला एकही दात नाही. मासे खाण्याचा प्रश्न उद्भवत नाही.’ खाली सही, शिक्का. (कासवाला दातांऐवजी पोपटासारखी धारदार चोच असते, हे मला नंतर माशांचं खाद्य विकणाऱ्याने सांगितलं. त्याचं शिक्षण सातवीपर्यंत झालं आहे.) तो कागद तुमच्या बहिणीने आता टँकच्या वर, पेशंटना वाचता येईल अशा उंचीवर चिकटवला आहे.

पहिले चार दिवस दृष्ट लागावी असे गेले. पाचव्या दिवशी मासे तेरा. मी म्हणालो, झाडामागे असेल. सातव्या दिवशी अकरा. मी म्हणालो, झाड मोठं आहे. नववा दिवस माझ्याच नशिबी लिहिला होता. आमच्याकडे एक निवृत्त शिक्षिका येतात, तोंडाचं बोळकं झालेलं, पण कवळीला वर्षभर नकार. दातांशिवाय माणूस खाणार काय, हे मी त्यांना दर महिन्याला समजावत होतो आणि त्या दिवशी कवळीचं माप द्यायला त्या एकदाच्या तयार झाल्या होत्या. भरलेल्या खोलीत त्यांच्या डोळ्यांसमोर साहेबांनी मान लांब केली आणि तुमच्या बहिणीचा सगळ्यात लाडका मासा दोन घासांत संपवला. बाईंनी भिंतीवरचा कागद वाचला. पुन्हा साहेबांकडे बघितलं. मग शांतपणे म्हणाल्या, “डॉक्टर, याचं अडत नाही, मग माझं कशाला अडेल?” आणि पर्स उचलून निघून गेल्या. त्यांच्यामागून आणखी दोघं गेले.

त्यानंतर मी हार मानली असं समजू नका. टँकच्या मधोमध जाळी बसवली, डावीकडे साहेब, उजवीकडे मासे. कासवाला अंग शेकायला पाण्याबाहेर कोरडा दगड लागतो, वर दिवा लागतो. दगड घसरू नये म्हणून मी तो नीट जाळीला टेकवून ठेवला. साहेब दगडावर चढले, दगडावरून जाळीवर, आणि जाळीवरून पलीकडे धप्पकन उतरले. थोडक्यात, जिना मीच बांधून दिला होता. आता मासे सहा आहेत आणि ते माझ्या भाजी धुवायच्या पातेल्यात राहतात.

तर परिस्थिती अशी आहे. तुमची बहीण चार दिवस नानांशी बोललेली नाही. नानांनी पिशवी भरून दाराशी ठेवली आहे. आपल्यामुळे लेकीच्या घरात वितुष्ट नको, असं त्यांचं म्हणणं. तरी तुम्ही या रविवारी गाडी घेऊन यावं आणि नानांना व साहेबांना घेऊन जावं, ही विनंती. हौद तेवढा दुरुस्त करून घ्यावा. वहिनींना नमस्कार.

तुमचा,
डॉक्टर

ता. क. हे पत्र नानांनी सांगितलं म्हणून लिहिलं. त्यांनी शेजारी बसून वाचलं, तीन ठिकाणी ऱ्हस्वदीर्घ सुधारलं आणि ‘ठीक आहे’ म्हणाले. आता ते साहेबांना काकडी द्यायला खाली गेले आहेत.

ता. क. २. दादा, ते वर यायच्या आत घाईत लिहितो. रविवारी येऊ नका. गाडी बिघडली म्हणा, घराला रंग काढलाय म्हणा, काहीही सांगा. परवा एक धिप्पाड ट्रकवाला इंजेक्शन बघून दारापर्यंत पळाला होता. नाना हल्ली दिवसभर खाली पेशंटमध्येच बसतात; त्यांनी त्याला परत आणलं, दाढ निघेपर्यंत खुर्चीशेजारी उभे राहिले, आणि त्याने त्यांचा हात इतका आवळला की बोटं संध्याकाळपर्यंत सुजलेली होती. कुणाला बोलले नाहीत. पेशंट हल्ली मला नाही, त्यांना विचारतात, दुखेल का हो? मला ते इथे हवे आहेत, हे सांगायला मला लाज वाटत नाही. त्यांच्यासमोर सांगायला मात्र जीभ उचलत नाही. तुमच्या बहिणीने काल साहेबांसाठी वेगळा टँक आणून एक्स-रेच्या खोलीत लपवून ठेवला आहे. पण ती ‘राहा’ म्हणणार नाही, आणि म्हटल्याशिवाय ते राहणार नाहीत. म्हणून तुम्हीच न्यायला नकार द्या. हे पत्र मी पाकिटात घालून तिच्याकडे टपालात टाकायला देतो.

(इथून पुढचं अक्षर माझं.) दादा, यांचं पाकीट चिकटवायचं राहून गेलं होतं, म्हणून सगळं वाचलं. रविवारी तू नक्की ये. नानांना आत्ताच खाली जाऊन ‘इथेच राहा’ म्हणून सांगितलं, पिशवी मी स्वतः रिकामी केली. तुझ्याकडची त्यांची गादी आणि लोखंडी पेटी गाडीत घाल. आणि आईचा फोटोही आण. खिळा ठोकून ठेवला आहे.