राणीमाशीच्या अन्नातले प्रथिन

१२ फेब्रुवारी १९६१, घाटंजी
रविवार. कपडे धुतले. परसातल्या मधमाश्यांच्या पेटीच्या तोंडाशी राणीमाशी मरून पडलेली दिसली. पेटी आमच्या हिची, माझ्या पत्नीची. हिला जाऊन चार महिने झाले. मी आता पूर्ण सावरलो आहे. पेटी मात्र जगवायचीच. आत ताजी अंडी आहेत, त्यातून माशा नवी राणी करतात.

१६ फेब्रुवारी
पोळ्याच्या कडेला भुईमुगाच्या शेंगेएवढी पाच राणीघरे. अंडे तेच, एकाची कामकरी होते, एकाची राणी. फरक खाण्याचा, म्हणजे प्रथिनाचा. ते मी शोधणार. निबंध हिच्या स्मरणार्थ छापायचा. फक्त एक घर फोडायचे.
हेडमास्तर बाबारावांकडे कॉस्टिक सोडा आणि मोरचूद मागितले. ‘साबण करून राह्यले काय, मास्तर?’ म्हणाले. या गावात गंभीर विषय काढण्यात अर्थ नाही.

१७ फेब्रुवारी, सायं. ५
घर फोडले. आतला पांढरा चीक नळीत घेतला, सोडा घातला, मोरचुदाचे चार थेंब. सुरेख जांभळा रंग. प्रथिन सिद्ध. पण एका सँपलवर विज्ञान चालत नाही. आणखी दोन फोडली. राणी एकच लागते. म्हणजे अजून एक जास्तच आहे.
शेजारच्या रुखमाबाई कुंपणावरून म्हणाल्या, ‘बाळंतिणीच्या खोलीत कोणी माणूस शिरते काय जी?’

१८ फेब्रुवारी
उरलेल्या दोन घरांना हात लावायचा नाही. ठरले.

१९ फेब्रुवारी
चौथे फोडले. परवाचा रंग आठवणीत फिका वाटत होता.

२० फेब्रुवारी
पाचवे फोडले नाही. नुसते उघडून पाहिले. अळी चिमट्याला चिकटून आली. माशा कष्टाळू आहेत, पुन्हा बांधतील.

२६ फेब्रुवारी
नवी घरे नाहीत. रुखमाबाई म्हणाल्या, ‘बांधतील कायले? अंडं घालणारी कुठं हाये?’ हिच्यासोबत पेटी साफ करून करून त्यांना थोडेफार समजते. मधमाश्यांवरच्या पुस्तकातले ते पान माझे वाचायचे राहिले होते.

१२ मार्च
पेटी रिकामी. रुखमाबाईंनी सकाळी माशा जाताना पाहिल्या. ‘मले वाटलं तुमाले ठाऊक असन,’ म्हणाल्या. मी म्हटले, निष्कर्ष हाती आहे.
तुलनेसाठी कामकरी माशीचे अन्न घ्यायचे राहून गेले होते. आता ते मिळणार नाही. म्हणून तुरीच्या वरणाचे पाणी नळीत घातले. रंग जांभळा. अगदी तोच.
नळ्या धुतल्या. उरलेले वरण गरम केले, भातावर घेतले, जेवलो. ताट घासून पालथे घातले.