छायासाठी सोपा मेनू

२० सप्टेंबर १९९८, रविवार
एकाच कॉम्प्युटरवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही बसवले. अख्ख्या सुरतेत, निदान आमच्या बँकेत, हे करणारा मी एकटा. आता संकल्प: मशीन चालू करताच स्वागताचा मेनू. एक दाबा, लिनक्स. दोन दाबा, विंडोज. दहा सेकंदांत काहीच दाबलं नाही तर आपोआप लिनक्स. बायकोला, छायालाही जमेल इतकं सोपं.

२२ सप्टेंबर
छायाला जमत नाही. ती पांडेसऱ्याच्या मराठी शाळेत शिकवते, सहामाहीचे पेपर विंडोजमध्ये टाइप करते. मशीन चालू करून कुकर लावायला जाते, येऊन बघते तर लिनक्स. म्हणाली, आपोआप विंडोजच येऊ द्या ना. म्हटलं, शिस्त हवी. मुदत पाच सेकंदांवर आणली. एवढ्यात माणूस काय ठरवणार, म्हणाली. भरपूर होतात.

२७ सप्टेंबर, रविवार
कॉम्प्युटरच्या मासिकात वाचून मेनूभोवती चांदण्यांची चौकट काढली. त्यानंतर एक कमांड पुन्हा चालवायची असते, ती राहिली. मशीन अर्ध्यात थांबलं. दोष मासिकाचा, ठळक छापायला हवं होतं. शेवटी एक फ्लॉपी हाताशी होती, तिची बूट डिस्क केली, तिच्यावरून मशीन चालू करून निभावलं. छाया म्हणाली, शनिवारी पेपर छापायला द्यायचेत, तोवर हात लावू नका. कबूल.

१ ऑक्टोबर, दसरा
सकाळी कॉम्प्युटरची पूजा. मॉनिटरला हार, कीबोर्डवर नारळ. उद्या उत्तरपूजा होईपर्यंत काही हलवायचं नाही.
संध्याकाळी खालचे बन्सीलालभाऊ सोनं द्यायला आले. त्यांना मेनू दाखवावा म्हणून फक्त बटण दाबलं, याला हात लावणं म्हणत नाहीत. मेनूखाली इंग्रजी 'जी'ची रांगच रांग. पाच सेकंद गेले, दहा मिनिटं गेली, पुढे काही नाही. व्हायरस. बन्सीलालभाऊ 'मस्त छे' म्हणून गेले. छाया म्हणाली, आधी तो नारळ काढा. हिला वड्यांची घाई.

२ ऑक्टोबर, बँकेला सुट्टी
उत्तरपूजा केली, नारळ छायाला दिला. व्हायरसवाल्या मशीनवर विश्वास ठेवायचा नाही, म्हणून थेट सीडीवरून लिनक्स नव्याने बसवायला घेतलं. मशीनने विचारलं, वर्कस्टेशन की सर्व्हर? आपण अर्थात सर्व्हर. पुढे डिस्कबद्दल बरंच इंग्रजी होतं. सगळ्याला हो म्हटलं.

रात्री
मेनू सुरेख येतो. त्यात एकच ओळ आहे, लिनक्स. सर्व्हरने बाकी सगळं पुसलं. विंडोज गेलं, छायाचे चारही पेपर गेले. कॉपी तिच्या फ्लॉपीवर होती. ती फ्लॉपी म्हणजे माझी बूट डिस्क.
छाया रागावली नाही. तिने कीबोर्डवरचं 'जी'चं बटण दाखवलं. नारळ तिथेच होता, बटणाला अजून कुंकू होतं. मला फार वाईट वाटलं. मासिकात नारळाबद्दल एक अक्षर नाही.

३ ऑक्टोबर, शनिवार
पहाटेपासून छाया आठवून सांगतेय, मी पेपर हाताने लिहितोय. माझं अक्षर चांगलं आहे, हे तिने मान्य केलं. तिसऱ्या पेपरला विचारलं, वडी मिळेल का. म्हणाली, एक, आधी पेपर, मग वडी. दोन, आत्ता वडी, मग भांडी. काही बोलला नाहीत तर आपोआप पेपर आणि भांडी दोन्ही. आणि बोटं मोजू लागली.
पाच सेकंद फारच कमी असतात. भांडी घासून आत्ताच बसलोय, चौथा पेपर बाकी आहे.