आजीचा थांबवलेला डाव

चि. सईस आशीर्वाद.

तुझ्या आजीच्या अस्थी घेऊन मी व तुझे बाबा पैठणला निघालो आहोत. यंदा घाटाला पाणी नाही असे कळले. जिथे मिळेल तिथवर पात्रात चालत जाऊ. टँकर आल्यास टाकी भरून घे. सुतक आहे, देवांना हात लावू नकोस.

रुग्णालयात जाताना तिने थांबवलेला किल्ल्याचा खेळ टॅबवर तसाच आहे. तो तुला जिंकायचा आहे म्हणून मी काल नीट पाहिला. तिने तोफेचा बुरूज अगदी किल्ल्याच्या दाराशी बांधला आहे. मी हटकले की म्हणायची, "तुम्ही आपलं स्तोत्र म्हणा, दाराचं मी बघते." परंतु दाराकडे येताना शत्रू वाटेतल्या वळणावरून दोनदा जातो, तोफ तिथे हवी आणि तिच्या अलीकडे त्याची चाल मंद करणारा बर्फाचा बुरूज. तेवढी नाणी दाराचा बुरूज विकल्याखेरीज मिळत नाहीत.

मी विक्रीच्या खुणेवर बोट ठेवले. "नक्की विकायचा?" असे पडद्यावर उमटले. मी "नाही" दाबले.

तुला विकावासा वाटला तर खुशाल विक. फक्त आम्ही परतण्यापूर्वी.

आजोबा