ओव्हनवरची बाटली

काका, आज सकाळी मी संत्र्याच्या इसेन्सची बाटली मोरीत ओतली. किती घाण वास तो! फळाचा मागमूस नाही, नुसतं टर्पेंटाइन. झाकणाभोवती पिवळा चिकट थर. तीनदा साबणाने हात धुतले, तरी चहाच्या कपाला तोच वास. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण मोरीशी वाकले तेव्हा तुम्हीच आठवलात.

रोह्याला तुमच्या बेकरीत शिकायला आले, तेव्हा पहिल्याच महिन्यात मी लिंबाचा इसेन्स भट्टीजवळच्या फळीवर ठेवला होता, हाताशी असावा म्हणून. तुम्ही केकचा तुकडा तोंडात घातलात आणि तिथेच थुंकलात. "काय गो, ह्यो केक खायचा हाय का खिडकी रंगवायची हाय?" सगळ्यांसमोर. मी रडकुंडीला आलेली. मग तुम्ही चमचाभर कोमट साखरपाण्यात एक थेंब टाकून चमचा माझ्या तोंडाशी धरलात. "नुसती बाटली हुंगून कळत नाय. पाण्यात घाल, चाख. व्हॅनिला वर्षं काढतो, पण ही लिंबू-संत्र्याची जात नाजूक. ऊन नको, धग नको, अर्ध्या बाटलीतली हवा नको." संध्याकाळी औषधाच्या दुकानातून तीन छोट्या तपकिरी बाटल्या आणून दिल्यात.

त्या बाटल्या अजून आहेत, फडताळात, रिकाम्या. आणि पेणच्या माझ्या बेकरीत पांढऱ्या काचेची मोठी बाटली ओव्हनवर, खिडकीच्या उन्हात. माझीच मला किळस येते.

केकला वास येतो म्हणून गिऱ्हाइकं कुरकुरायला लागली, तेव्हा मी शेजारच्या गणपतीच्या कारखान्यावर ढकललं. पेणमध्ये ते कुणालाही पटतं. सीझनला आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांनाही रंगाचा वास येतो. मी तणतणत गेले. कारखान्यातल्या वहिनी दारातल्या उजेडात मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करत होत्या. "तुमच्या थिनरनं माझा माल नासतोय," मी म्हटलं. त्यांनी कुंचला खाली ठेवला. "व्हय काय? मंग मी मागं बसते बाय. तुझं नुस्कान नको."

आता त्या मागच्या पत्र्याच्या खोलीत बल्बखाली बसतात. सारखा चष्मा काढून डोळे चोळतात. काल रेघ हलली म्हणून दोन मूर्तींचे डोळे पुसून पुन्हा काढले. मी खिडकीतून बघत होते. त्यांना मागे जाऊन आठवडा झाला आणि केकचा वास जागच्या जागी.

म्हणून सकाळी साखरपाणी केलं आणि तेव्हा कुठे मला कळलं, असं तुम्हाला लिहिणार होते. हा कागद कुठेच जाणार नाही, मग इथे तरी कशाला खोटं बोलू? वहिनींच्या दारात भांडायला जायच्या आधीच मी तो साखरपाण्याचा चमचा चाखला होता; चव टर्पेंटाइनचीच होती. तुम्ही थुंकला होतात. मी तो घोट गिळला.