खोलीचा खोकला

३ जानेवारी, शनिवार
हिशेबाच्या वहीची मागची पाने कोरी होती. वाया जाऊ नयेत म्हणून रोजनिशी. देवाचे नाव घेऊन आजपासून वाचनालयाच्या वरच्या खोलीत मुलांना गोष्टी लिहायला शिकवू लागले. विनामोबदला. मॅट्रिकला निबंधात वर्गात पहिली होते, ते ज्ञान इतकी वर्षे डब्यात झाकण लावून पडले होते. हे म्हणाले, बाहेरच्या पोरांना शिकवून बघ, घरात तर तुझं कोणी ऐकत नाही. लक्ष दिले नाही.
नियम सांगितले. शेवट गोड हवा. विशेषण फुकट मिळते म्हणून उधळायचे नाही. आणि अशुभ लिहायचे नाही, वास्तू तथास्तु म्हणत असते.
एका मुलाचे भूत शेवटी माणसे खात होते. शेवट बदलून भुताला नोकरीला लावले.

१० जानेवारी, शनिवार
दोन वेण्यांची एक मुलगी आहे. बोलत नाही, छताकडे बघत बसते. तिची गोष्ट अशी: एक खोली असते, ती खोकते. खोकली की वरून पांढरी भुकटी पडते. कल्पना बरी. शेवट मात्र लिहिलाच नव्हता. मी लिहून दिला: खोलीने औषध घेतले व ती बरी झाली.
मुलगी म्हणाली, पण बाई, औषध दिलं कोणी? फाटे फोडायची सवय वाईट.
माझ्या चहात काहीतरी पांढरे पडले. टाकवेना. गाळून घेतला.

१७ जानेवारी, शनिवार
वेण्यांच्या मुलीचा पुढचा भाग. खोली आता खोकत नाही, श्वास रोखून धरते. चौकट वाकडी होते, दार लागेनासे होते. उत्कंठा छान साधली आहे. आठवडाभरात एवढी प्रगती, कोणामुळे ते सांगायला नको.
आमच्या वर्गाच्या खोलीचेही दार हल्ली लागत नाही. शिपायाने ढकलून पाहिले, वर बघितले आणि चक् केले. म्हटले, चक् काय करतोस, तेल घाल.
सगळ्यांनाच लागण झाली आहे. ज्याच्या त्याच्या गोष्टीत छत. ते भूतसुद्धा नोकरी सोडून गेले, ऑफिसचे छत बरे नाही म्हणून. नुसती नक्कल! सगळी छते दुरुस्त करून दिली. लाल पेन संपले.

२१ जानेवारी, बुधवार
ह्यांना वेण्यांच्या मुलीची गोष्ट वाचून दाखवली, कौतुक होईल म्हणून. हे जन्मभर बांधकाम खात्यात, त्यामुळे ह्यांना जिकडेतिकडे तडेच दिसतात. म्हणाले, अगं, पोर गोष्ट नाही लिहीत, तक्रार लिहितेय, इंजिनिअर बोलवा. म्हटले, तुम्हाला साहित्यातले काय कळते?
वाचनालयाच्या मॅडमचा फोन. ३१ तारखेला मुले पालकांसमोर गोष्टी वाचणार. शेजारचा हॉल भाड्याने घेऊ का, वरच्या खोलीचं काही खरं दिसत नाही, असे विचारत होत्या. ठणकावून सांगितले, हातची खोली फुकट असताना भाडे कशाला? मी दर शनिवारी बसते ना तिथे! ऐकले त्यांनी माझे.

२४ जानेवारी, शनिवार
छताचा तडा आता खिडकीपासून निघून पंख्यापर्यंत आला आहे. कागदी पताका लावून झाकला. शोभा आली. शिपाई शिडीवर चढला, पण खिळा ठोकणार नाही म्हणाला. चिकटपट्टीवर भागवले.
वेण्यांच्या मुलीला बजावले, पालकांसमोर शेवट गोडच वाचायचा. म्हणाली, ते आत कोण बसलंय त्यावर आहे.
आगाऊ कार्टी. दुपारी जपाला बसले, तर प्रत्येक मण्याला तेच वाक्य.

३१ जानेवारी, संध्याकाळ
केस दोनदा धुतले, मग वही उघडली.
ठरल्या वेळी मी पहिल्या खुर्चीवर. खोलीत चिटपाखरू नाही. खिडकीतून पाहिले, तर पालक, मुले, मॅडम, सगळे अंगणात, आणि वेण्यांची मुलगी वाचनालयाच्या पायरीवर उभी राहून गोष्ट वाचते आहे. वर कोणाला येऊच देत नव्हती म्हणे. माझा इतका अपमान! ठरवले, जागची हलायची नाही. मुकाट्याने जप सुरू केला. वर करकर. पंखा बंद होता, तरी हलत होता.
मग तीच धापा टाकत वर आली. आत पाऊल टाकेना. उंबऱ्यावरून म्हणाली, बाई, मी शेवट बदललाय. तुम्ही सांगितला तसा गोड केलाय. खाली येऊन ऐका ना.
अखेर शिकली! ऊर भरून आला. उठले. जिन्याच्या मध्यावर होतो, तेव्हा मागे धडाड् झाले आणि मग सगळे पांढरे.
पहिली खुर्ची सापडली नाही.
कोणाला खरचटलेदेखील नाही. म्हणजे शेवट गोडच झाला. मी पहिल्यापासून तेच सांगत होते.
खाली आल्यावर मुलीला विचारले, काय गं, तुझा तो बदललेला शेवट काय? म्हणाली, एवढाच. बाई उठून बाहेर आल्या.

४ फेब्रुवारी, बुधवार
मॅडमचा फोन. वर्ग आता शाळेच्या पटांगणात, झाडाखाली. किती वाजता येऊ, विचारले. म्हणाल्या, तुम्ही आता आराम करा. मुलांच्या गोष्टी त्या स्वतः वाचणार आहेत, हातात पेन न घेता. मीच माघार घेतली. नव्या माणसांना संधी मिळायला हवी.
स्वयंपाकघराच्या छताला एक बारीक रेघ आहे. जुनीच असावी. अशुभ बोलू नये, म्हणून ह्यांना सांगितले नाही. जपाची खुर्ची तेवढी दाराशी सरकवली. हे म्हणाले, आज तिथे का? म्हटले, वारा येतो.
वारा नव्हता.